अर्धा पूल कोण उघडतं?

प्रश्न : आमची सूनबाई पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ‘प्रॉडक्ट ओनर’ आहे. आठवड्यातले काही दिवस घरूनच काम करते. फोनवर सतत ‘हे वर घ्या, ते खाली टाका, ते पुढच्या स्प्रिंटला बघू’ असं चाललेलं असतं. मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला अभियंता. आमच्याकडे आधी नकाशे, मग अंदाजपत्रक, मग काम, आणि काम पुरं झालं की उद्घाटन. ही मंडळी म्हणे दर दोन आठवड्यांनी, म्हणजे दर ‘स्प्रिंट’ला, थोडं थोडं काहीतरी गिऱ्हाइकाच्या हाती देतात. अर्धा पूल कुणी वाहतुकीला खुला करत नाही, मग अर्धं सॉफ्टवेअर कसं चालतं? आणि कुठलं काम आधी, हे ठरवतात तरी कशावरून?
— एक वाचक, सांगली

उत्तर : अर्ध्या पुलाबद्दल तुमचं म्हणणं बिनतोड आहे. पण तुमच्याच क्षेत्रातलं कोकण रेल्वेचं काम आठवून पाहा. पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाला. तोवर सगळे रूळ काय गंजत पडले होते? नाही. दक्षिणेला मंगळूर ते उडुपी आणि उत्तरेला रोहा ते वीर हे तुकडे १९९३ सालीच चालू झाले होते. दोन्ही टोकांना जुनी रेल्वे होतीच. तिला जोडून निघालेल्या तुकड्यावर लगेच गाडी धावू शकत होती. वीरजवळच्या महाडच्या माणसाला मडगावपर्यंत रूळ पोचायची वाट पाहावी लागली नाही. आता उलट कल्पना करा. आधी रोह्यापासून मंगळुरापर्यंतचे सगळे भराव, मग सगळे पूल, मग सगळे रूळ, शेवटी सिग्नल असा क्रम लावला असता, तर कागदावर प्रगती भरपूर दिसली असती, पण १९९८ उजाडेपर्यंत एकाही माणसाला तिकीट मिळालं नसतं.

सॉफ्टवेअर बरीच वर्षं याच दुसऱ्या पद्धतीनं बनत होतं. आधी संपूर्ण डेटाबेस, मग सगळे हिशेब, मग सगळे स्क्रीन, शेवटी चाचणी. पैसे संपले किंवा गिऱ्हाइकाचं मन बदललं की हातात उरायचा नुसता भराव. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथं १७ जणांनी जमून ‘अजाइल’ या कार्यपद्धतीचा जाहीरनामा लिहिला. त्याच्या बारा तत्त्वांपैकी पहिलंच असं की, उपयोगाचं सॉफ्टवेअर लवकर आणि सतत हाती देऊन ग्राहकाला समाधानी करायचं. म्हणजे द्यायचा तो अर्धा पूल नव्हेच. छोट्या ओढ्यावरचा का होईना, पण दोन्ही काठांना टेकणारा.

कुठला तुकडा आधी, हे ठरवणं मात्र अवघड. सूनबाईंकडे करायच्या कामांची एक लांबलचक यादी असते, तिला ‘प्रॉडक्ट बॅकलॉग’ म्हणतात. तिच्यात विक्री विभागाच्या मागण्या असतात, ग्राहकांच्या तक्रारी असतात, जुन्या चुकांच्या दुरुस्त्या असतात आणि साहेबांना विमानतळावर सुचलेल्या कल्पनाही असतात. जो तो म्हणतो, माझं काम सर्वांत महत्त्वाचं. महत्त्व हा निकष इथं फारसा कामाला येत नाही, कारण प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी खरंच असतं. उपयोगी प्रश्न दोन : हे काम एक आठवडा लांबलं तर नुकसान किती, आणि ते करायला वेळ किती?

तुम्ही आकड्यांतले, म्हणून आकड्यांतच सांगतो. समजा, एका विमा कंपनीची दोन कामं आहेत. पहिलं, दाव्याचा अर्ज ऑनलाइन भरण्याची सोय. तिच्यावाचून कंपनीचं आठवड्याला ३ लाखांचं नुकसान होतं, आणि ती बांधायला ६ आठवडे लागतात. दुसरं, पॉलिसीची मुदत संपण्याआधी आठवणीचा संदेश आणि सोबत पैसे भरायची लिंक. नुकसान आठवड्याला २ लाख, काम २ आठवड्यांचं. मोठा फायदा आधी, असं म्हणून पहिलं काम हाती घेतलं, तर ते पुरं होईतो १८ लाख जातात, आणि दुसरं काम आठव्या आठवड्याअखेर येत असल्यानं त्याचे आणखी १६ लाख. एकूण ३४. क्रम उलटा करा : छोट्या कामाचे ४ लाख, मोठ्याचे २४, एकूण २८. तीच माणसं, तेवढेच आठ आठवडे, आणि सहा लाख वाचले.

प्रत्यक्षात मात्र बहुतेक ठिकाणी तिसराच प्रकार होतो. दोन्ही साहेबांना खूश ठेवायचं म्हणून निम्मी निम्मी माणसं वाटून दोन्ही कामं एकदम सुरू करतात. मग छोटं काम चौथ्या आठवड्याअखेर निघतं, तेव्हा कुठे सगळी माणसं मोठ्यावर येतात, आणि ते आठव्या आठवड्याअखेर निघतं. नुकसान ८ अधिक २४, म्हणजे ३२ लाख. मोठं काम एक दिवसही आधी झालं नाही, छोटं मात्र नाहक दोन आठवडे रखडलं. ही खोड मोडण्यात सूनबाईंचा निम्मा दिवस जात असणार, अशी मला दाट शंका आहे.

नुकसानीला वेळेनं भागून क्रम लावायची ही रीत संगणकवाल्यांची नाही. एकाच यंत्रापुढे कामांची रांग लागली तर काय करावं, याचा नियम डब्ल्यू. ई. स्मिथ यांनी १९५६ साली गणितानं सिद्ध केला होता. डॉन रायनर्टसन यांनी २००९ च्या आपल्या पुस्तकात ‘उशिराची किंमत’ हा विचार नव्या वस्तूंच्या विकासाला लावला, आणि तिथून तो अजाइलवाल्यांत पसरला. आता कंपन्यांमध्ये त्याचे तक्ते असतात, गुण असतात, गुणांच्या बैठका असतात. त्या बैठकांत ज्याचा पगार जास्त त्याच्या कामाला गुण जास्त, असंही होतं. तरीही ‘तीन लाख’ हा अंदाज चुकीचा का असेना, तो फळ्यावर लिहिलेला बरा. निदान त्यावर भांडता येतं.

दुसरी प्रसिद्ध रीत ‘मॉस्को’. रशियाशी संबंध नाही. ओरॅकलमधल्या डाय क्लेग यांनी १९९४ च्या सुमारास ती काढली : हवंच, असावं, असलं तर बरं, आणि या खेपेला नाही, असे चार कप्पे. ही रीत पुढे डीएसडीएम या पद्धतीत रुळली. ‘हवंच’च्या कप्प्यात एकूण मेहनतीच्या ६० टक्क्यांहून जास्त काम असू नये, असं तिथं बजावलेलं आहे. हा दंडक पाळला नाही तर सगळं काही ‘हवंच’मध्ये जाऊन बसतं, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

काय वगळलं, यावर किती अवलंबून असतं, ते केनियातल्या एम-पेसा या मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेवरून दिसतं. अजाइलचं नाव न घेता केलेलं ते काम आहे, म्हणून मला ते जास्त आवडतं. २००५ साली व्होडाफोन आणि सफारीकॉम या मोबाइल कंपन्यांनी फाउलू या सूक्ष्मकर्ज संस्थेबरोबर छोटा प्रयोग केला. मूळ कल्पना अशी की, कर्जदारांनी हप्ते मोबाइलवरून फेडावेत. पण गटकर्जांचा हिशेब जुळवणं किचकट निघालं; आणि लोक मात्र त्याच सोयीनं एकमेकांना पैसे पाठवू लागले होते. मार्च २००७ मध्ये सेवा देशभर आली ती ‘घरी पैसे पाठवा’ एवढ्यावरच : पैसे भरा, काढा, पाठवा आणि मोबाइलचा टॉकटाइम घ्या. ज्यासाठी घाट घातला होता, ते कर्जच वगळलं. वर्ष संपेपर्यंत दहा लाखांहून जास्त ग्राहक झाले.

नुकसान आणि वेळेच्या हिशेबाला दोन अपवाद सांगायला हवेत. पहिला, तारखेची कामं. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला. त्या दिवशी दुकानदाराला नव्या करासकट बिल छापता यायलाच हवं होतं. तीच सोय मार्चमध्ये दिली असती तर फायदा शून्य. इथं आठवड्याचं नुकसान सरळ रेषेत वाढत नाही, एका तारखेला कडा कोसळतो.

दुसरा अपवाद धोक्याचा, आणि तो तुम्हाला माझ्याहून जास्त कळेल. कोकण रेल्वेवर गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यानं शेवटपर्यंत सगळ्यांना दमवलं. माती इतकी मऊ आणि पाणथळ की खणलेलं पुन्हा ढासळायचं. दीड किलोमीटरच्या आसपासचा बोगदा, पण त्याच्यासाठी सगळा मार्ग अडून बसला. सोपे तुकडे आधी खुले करणं ठीक, पण म्हणून अवघड बोगदा खणायला उशिरा घ्यायचा नसतो. सॉफ्टवेअरमध्ये असे बोगदे म्हणजे बँकेच्या जुन्या यंत्रणेशी जोडणी, किंवा वीस वर्षांच्या नोंदी नव्या साच्यात आणणं. त्यातला एक बारीक धागा तरी पहिल्या महिन्यात आरपार ओवून पाहावा लागतो, ग्राहकाला त्यातून काही दिसलं नाही तरी.

आणि यादीच्या तळाशी गेलेल्या कामांचं काय होतं, हेही तुमच्या मनात आलं असेल. बहुतेकांचं काहीच होत नाही. सहा-आठ महिने कुणी विचारलं नाही तर बरेच प्रॉडक्ट ओनर ती सरळ पुसून टाकतात. गरज खरी असेल, तर कुणीतरी पुन्हा मागतंच. केनियातलं ते वगळलेलं कर्ज नोव्हेंबर २०१२ मध्ये परत आलं, एका बँकेच्या भागीदारीत, ‘एम-श्वारी’ या नावानं. तोवर एम-पेसाचे ग्राहक कोटीच्या पुढे गेले होते.