कामगार दोनशे, पण कारखाने दहाच

प्रश्न : भिवंडीतल्या दहा यंत्रमाग कारखान्यांतून प्रत्येकी 20, असे 200 कामगार आणि दहा गोदामांतले तितकेच हमाल यांची श्रवणचाचणी केली. आकडे 'आर' या सॉफ्टवेअरमध्ये भरले. टी-टेस्टची पी-व्हॅल्यू 0.03 आली. मागाच्या आवाजाने ऐकू कमी येतं, हे सिद्ध झालं ना?
— एक विद्यार्थिनी, भिवंडी

उत्तर : अजून नाही. 0.03 चा अर्थ एवढाच, की दोन गटांत खरा फरक नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता शंभरात तीन. तेही टी-टेस्टची गृहीतकं पाळली गेली असतील तर. इथे ती पाळली गेलेली नाहीत. प्रत्येक माणसाचा आकडा स्वतंत्र आहे, असं ही चाचणी धरून चालते. एकाच पत्र्याखाली राबणाऱ्या वीस जणांच्या कानांवर तोच खडखडाट आदळतो. त्यांचे आकडे एकमेकांसारखे येणारच.

गणित करून पाहा. या सारखेपणाचं माप, म्हणजे इन्ट्राक्लास कोरिलेशन, समजा 0.1 आहे. 1 + (20 − 1) × 0.1 = 2.9. आता 200 ला 2.9 ने भागा. हाती उरते ती जेमतेम 69 स्वतंत्र कामगारांइतकी माहिती! म्हणून कारखान्याचा किंवा गोदामाचा क्रमांक वेगळ्या रकान्यात लिहा आणि हा सारखेपणा हिशेबात धरणारं मिक्स्ड मॉडेल वापरा. 'आर'मध्ये ती सोय फुकट आहे. वयही घाला, नाहीतर म्हातारपणाचा बहिरेपणा मागाच्या माथी बसेल.

मला मात्र जास्त काळजी वाटते ती चाचणीच्या वेळेची. पाळी सुटताच तपासलं, तर कानाला आलेला तात्पुरता बधिरपणाही मोजला जातो. आधी किमान 14 तास कान गोंगाटापासून लांब हवेत. नाहीतर ती मोजणीतलीच चूक ठरते, आणि माणसं वाढवून ती जात नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी 1940 च्या दशकात पीक-कापणीच्या पाहणीत हेच दाखवलं होतं : मोजणीचा तुकडा फार लहान घेतला, की कडेची रोपं आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगतं. असे तुकडे कितीही वाढवले, तरी ती फूग जात नाही.

तेव्हा प्रत्येक कारखान्यातल्या काही जणांना साप्ताहिक सुट्टी संपताना, कामावर चढण्यापूर्वी, पुन्हा तपासा. ते आकडे हाती आल्यावरच लॅपटॉप उघडा.