रात्रीचं बँकॉक, आपलं आपण

प्रश्न : आम्ही दोघं साठी ओलांडलेले, शाकाहारी. बँकॉकमध्ये रात्री टूरवाल्याशिवाय फिरता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जरूर फिरा. संध्याकाळी मेट्रोने वाट मांगकोन स्टेशनला उतरा. यावरात, म्हणजे तिथलं चायनाटाउन, चालत काही मिनिटांवर आहे. अंधार पडला की फुटपाथवर शेगड्या पेटतात. सोमवारी मात्र बऱ्याच गाड्या बंद असतात. शाकाहारासाठी लाल अक्षरांची पिवळी पाटी शोधा. ती ‘जे’ जेवणाची खूण. त्यात मांस, मासे, अंडी तर नसतातच, कांदा-लसूणही नसतो. नुसतं ‘भाज्या’ म्हणालात तर फिश सॉस पडतोच.

माझा खरा आग्रह पाक ख्लोंग तलातचा. हा फुलबाजार चोवीस तास चालतो, पण रंगतो मध्यरात्रीकडे. झेंडूचे ढीग, बर्फाशेजारी ठेवलेली ऑर्किड्स, मोगऱ्याच्या कळ्यांचे गजरे ओवणाऱ्या बायका. दादरचा फुलबाजार पाहिलेल्यांना इथून पाय काढवत नाही.

मेट्रो साधारण बारापर्यंतच असते. पुढे मीटरची टॅक्सी किंवा ग्रॅब ॲपवरून गाडी घ्या. टुकटुकचं भाडं बसण्याआधीच ठरवा. हॉटेलचा पत्ता थाई लिपीत लिहून जवळ ठेवा.