निशाणी पाचचा अर्ज आणि कॉलेजचं नाव

भाचीची क्लॅटची रँक यंदा मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर यांपैकी एकाही राष्ट्रीय विधी विद्यापीठापर्यंत पोचली नाही. "मावशी, वर्षभर थांबून परत बसू की सांगलीतच प्रवेश घेऊ?" तिने विचारलं. तालुका आणि जिल्हा कोर्टात चोवीस वर्षं काढल्यावर मला जे कळलं, ते तिला सांगितलं.

१. नावाला किंमत आहे, पण ती काही दारांपुरती. मुंबईतल्या मोठ्या लॉ फर्म नोकरी द्यायला ठरावीक कॉलेजांत स्वतः जातात. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलची पहिली तुकडी १९८८ची. २००८मध्ये क्लॅट आली आणि ही वाट पक्की झाली. कंपन्यांचे करार करायचे असतील तर त्या नावावर पहिली मुलाखत मिळते. माझ्या बरोबरीच्या कितीतरी हुशार मुलांना ती कधीच मिळाली नाही.

२. आमच्याकडे पक्षकार कॉलेज विचारत नाही. तो विचारतो, "मॅडम, स्टे मिळंल का?" माझा पहिला निशाणी पाचचा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा, अर्ज सामायिक विहिरीच्या पाण्याचा होता. मी निवाडे पाठ करून गेले होते. न्यायाधीशांनी एवढंच विचारलं, "विहिरीची नोंद सातबाऱ्यावर कुठे आहे?" मला 'इतर हक्क' हा रकाना दाखवता आला नाही. जमीन महसूल कायद्यात मला चांगले गुण होते. अर्ज फेटाळला गेला आणि त्या उन्हाळ्यात माझ्या पक्षकार आजोबांचा ऊस वाळला. ते अजून सलतं. त्याच रात्री सिनियरांनी दप्तर सोडलं. "फेरफार धरून मागं मागं जात जा, पोरी," म्हणाले. पुढे नामांकित कॉलेजांतून आलेले ज्युनियरही पाहिले. फेरफार वाचायला तेही इथेच शिकले.

३. याहून मोठा प्रश्न पहिल्या तीन-चार वर्षांच्या पोटापाण्याचा. ज्युनियरला हातात फार थोडं पडतं, कधी काहीच नाही. खोलीचं भाडं, एसटीचा पास, काळा कोट, पुस्तकं, सगळं घरून. कॉलेज साधं म्हणून वकिली सुटली असं मी फारसं पाहिलं नाही; एवढी वर्षं तग धरता आली नाही म्हणून सोडून गेलेल्या मुली मात्र पाहिल्या, आणि त्यांतल्या दोघी माझ्याहून चांगली उलटतपासणी घेत. मोठ्या विद्यापीठाची फी वर्षाला लाखांत जाते. ती कर्ज काढून भरली की ज्युनियरशिप परवडतच नाही, पगाराच्या नोकरीत जावंच लागतं. म्हणून भाचीला म्हटलं, कॉलेजचं नाव बघण्याआधी हप्ता किती बसेल ते बघ.

४. इंग्रजीकडे दुर्लक्ष करू नये. १९९८च्या अधिसूचनेनं खालच्या कोर्टांची भाषा मराठी झाली, उच्च न्यायालयाची इंग्रजीच राहिली. १८ ऑगस्ट २०२५ला कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांच्या वकिलांना उच्च न्यायालय एकदम जवळ आलं. तिथे उभं राहताना चांगल्या कॉलेजची मुलं पुढे असतात, कारण ती पाच वर्षं त्याच भाषेत वाद घालत आलेली असतात. मी आता रोज एक निवाडा मोठ्यानं वाचते. हे विसाव्या वर्षी करायला हवं होतं.

५. न्यायाधीश व्हायचं असेल तर परीक्षेत कॉलेजला गुण नाहीत. मे २०२५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं आधी तीन वर्षं वकिली मात्र पुन्हा सक्तीची केली. म्हणजे तिसऱ्या मुद्द्यातली वर्षं इथेही चुकत नाहीत.

६. न्यायमूर्ती भूषण गवई अमरावती विद्यापीठात शिकून २०२५मध्ये सरन्यायाधीश झाले. भाचीचे डोळे चमकले. पण त्यांचे वडील रा. सू. गवई मोठे नेते होते, हेही मी तिला सांगितलं. एका उदाहरणावर आपलं आयुष्य बेतू नये.

तिचं अजून ठरलेलं नाही. सुट्टी आहे, म्हणून रोज माझ्या ऑफिसात येते. काल एका जुन्या दाव्यातले फेरफार तिने तारखेनुसार लावले. मधली एक नोंद गहाळ आहे, हे तिला माझ्या आधी दिसलं.