जुना पलटी नांगर: रंग नव्हे, सांगाडा पाहा

प्रश्न : जुना दोन फाळी पलटी नांगर विकाऊ आहे. रंग आणि फाळ नवे आहेत. तो किती टिकेल, हे कसे ओळखावे?

उत्तर : नव्या फाळांवरून नांगराची ताकद ठरत नाही. फाळ झिजण्यासाठीच असतो आणि बोल्ट काढून बदलता येतो. खरा भार सोसतो तो सांगाडा. म्हणून किंमत सांगाड्याची ठरवा. एका बाजूच्या दोन्ही फाळांच्या टोकांचे सांगाड्यापासूनचे अंतर टेपने मोजा. फाळ सारखेच झिजलेले असूनही फरक आढळला, तर सांगाडा किंवा फाळाचा दांडा वाकला आहे. असा नांगर एक तास खोल आणि एक उथळ काढतो. ट्रॅक्टरला जोडण्याच्या पिनांची भोके लांबट झाली असतील, तर नांगराने बरेच हादरे खाल्ले आहेत. पलटी होणारा भाग हाताने हलवून पाहा. ढिलाई असेल, तर बुश झिजले आहेत.

वेल्डिंगमुळे तुटलेली जागा अधिक पक्की होते, असे विक्रेते सांगतात. पण उष्णतेने सांध्याशेजारचे पोलाद ठिसूळ होऊ शकते आणि पुढची भेग बहुधा तिथूनच सुरू होते. नांगर वजनदार असला म्हणजे मजबूत, हेही खरे नाही; वाकलेले लोखंडही तेवढेच वजन भरते. झिजलेले फाळ, बुश चालतील, ते बदलता येतात. वाकलेला किंवा तडकलेला सांगाडा मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.