माथेरानने शिकवलेल्या सात गोष्टी

कर्जत-नेरळ पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला माथेरान घराच्या अंगणातून दिसतं. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटा उभा असलेला हा डोंगर साधारण 800 मीटर उंच आहे. उत्तरेला पेब, पश्चिमेला प्रबळगड, नैर्ऋत्येला इर्शाळगड हे त्याचे शेजारी. मी सगळ्या ऋतूंत तिथे जात आलो आहे. इथली हवा चांगली, हे सगळेच सांगतात. ती चांगली का आहे आणि ती कोण राखतं, हे मला हळूहळू कळत गेलं. त्यातलं थोडं इथे मांडतो.

1. चालायची तयारी ठेवूनच या

मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. हे अंतर शक्य असेल तर पायीच जा, कारण माथेरानची ओळख याच वाटेवर होते. एप्रिल-मे महिन्यात नेरळ स्टेशनवर अंग भाजत असताना इथे अंजनी, जांभूळ आणि हिरड्याच्या सावलीत घाम सुकतो. उंचीचा त्यात वाटा आहेच. पण झाडी तोडलेल्या उघड्या जागेवर पाच मिनिटं उभे राहा, म्हणजे सावलीचा वाटा किती मोठा आहे ते अंगालाच समजतं. उन्हाळ्याच्या तोंडाला अंजनीच्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांनी लगडतात. तो बहर गाडीच्या काचेतून दिसणारा नाही.

2. आधी खालचा दगड ओळखा

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचून आपला काळा पाषाण तयार झाला. माथेरानच्या माथ्यावर त्याच्यावर जांभ्याचा थर आहे. लाल धूळ त्याचीच. जांभा सच्छिद्र असतो. पाऊस त्यात मुरतो, खालच्या कठीण थरावर अडतो आणि आडवा वाट काढत डोंगराच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर येतो. एवढा पाऊस झेलूनही पठारावर दलदल होत नाही ती यामुळेच.

याच गोष्टीची दुसरी बाजू म्हणजे लाल माती लवकर वाहून जाते. रहदारीच्या पायवाटांवर झाडांची मुळं उघडी पडलेली दिसतील. ती मुळं म्हणजे मातीची शेवटची पकड. एक झाड गेलं की त्याच्याखालची माती पुढच्या पावसात ओढ्याला लागते. शार्लोट तलाव हे गावाचं जुनं पाणी. पण मागणी वाढली तसं नेरळकडून पंप करून पाणी वर चढवावं लागलं. इथे पाणी जपायचं असेल तर रानापासून सुरुवात करावी लागते.

3. इतिहास मॅलेटसाहेबापासून सुरू करू नका

प्रत्येक माहितीपत्रकात एकच गोष्ट असते: मे 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावी मुक्कामाला होते, तिथून ते डोंगर चढले, रामबागेच्या बाजूने उतरले आणि माथेरान जगाला कळलं. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी इथे बंगल्यासाठी जागा निवडली, मग मुंबईतले इंग्रज अधिकारी आणि पारशी, बोहरी शेठ लोक आले.

ही हकीकत खरी आहे. पण साहेब चढला त्या दिशेला गावकऱ्यांच्या वाटा होत्याच. ठाकूर, कातकरी आणि धनगर हा डोंगर पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले होते. शार्लोट तलावाकाठचा पिसरनाथ हा आजही गावाचा देव आहे. वाड्यांवरच्या बायका-माणसं अजून याच जुन्या वाटांनी रानमेवा आणि भाजी घेऊन वर येतात. पाणी कुठे, धोका कुठे, कोणती वाट पावसात बंद होते, ही माहिती नकाशावर येण्याआधी त्यांच्याकडे होती. इथे फिरायचं तर त्यांच्यातलाच कोणी वाटाड्या सोबत घ्या आणि त्याला त्याचे पैसे हसतमुखाने द्या.

4. आगगाडीचा मार्ग डोंगराने आखला

नेरळ-माथेरान रेल्वे 1907 मध्ये सुरू झाली. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती उभी केली. रुळांमधलं अंतर अवघं दोन फूट. मार्ग सुमारे 21 किलोमीटरचा आणि त्यात बोगदा एकच, तोही छोटा. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्टेशनं घेत गाडी डोंगराच्या वळ्यांवळ्यांतून घोड्याच्या नालेसारखी वळणं घेत चढते. अरुंद रुळांमुळे इतकी तीव्र वळणं शक्य झाली आणि डोंगर फारसा फोडावा लागला नाही.

डोंगराने मात्र आपला हक्क सोडलेला नाही. 26 जुलै 2005 च्या पावसात मार्ग वाहून गेला, तो सुरू व्हायला 2007 उजाडलं. 2019 मध्ये पुन्हा तेच झालं आणि नेरळपासूनची गाडी ऑक्टोबर 2022 मध्ये परत धावली. मधल्या काळात अमन लॉज ते माथेरान ही छोटी फेरी गावाला आधार देत राहिली. दरवेळी उशीर झाला की लोक चिडतात. मला त्या रुळांवर मान खाली घालून काम करणारे ट्रॅकमन आठवतात.

5. एक तरी पावसाळा इथे बघा

दिवाळी आणि मे महिना हे गर्दीचे दिवस. जुलैमध्ये निम्मं गाव ताडपत्रीखाली जातं, पॉइंटवरून धुक्यापलीकडे काही दिसत नाही आणि झाडांच्या बुंध्यांवर शेवाळ चढतं. पहाटे शीळकरी कस्तूर गाऊ लागला की माणूस शीळ घालतोय असंच वाटतं. या दिवसांत डोंगर वर्षभराचं पाणी पोटात घेत असतो.

याच दिवसांत कड्यापासून लांब राहायचं. जांभ्याची कडा भिजून ठिसूळ होते. कठड्यापलीकडे एक पाऊलही टाकू नये. 19 जुलै 2023 च्या रात्री शेजारच्या इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. उतारावर राहणं म्हणजे काय, हे त्या वाडीने आम्हाला कायमचं शिकवलं आहे.

6. हे भाई कोतवालांचं गाव आहे

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म 1 डिसेंबर 1912 रोजी माथेरानमध्ये, नाभिक कुटुंबात झाला. ते वकील झाले आणि डोंगराखालच्या शेतकरी-आदिवासींसाठी शाळा, धान्यकोठ्या यांच्या कामाला लागले. 1942 मध्ये त्यांच्या आझाद दस्ता या भूमिगत गटाने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडच्या जंगलात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले.

शेठ आणि साहेबांच्या बंगल्यांची नावं पर्यटकांना पाठ असतात. त्या बंगल्यांच्या गावात वाढलेल्या, खालच्या वाड्यांची भूक ओळखणाऱ्या या माणसाची गोष्ट आपल्या मुलांना इथेच, त्यांच्या गावात उभं राहून सांगा.

7. वर येणाऱ्या प्रत्येक वस्तूमागे कोणाची तरी पाठ आहे

4 फेब्रुवारी 2003 च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने माथेरान परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. मोटारबंदीची जुनी रीत त्यामुळे कायद्याने बळकट झाली. मी या बंदीच्या बाजूने ठाम आहे. रस्ता रुंद झाला की आधी झाडं जातील, मग माती, मग झरे; आणि ज्या हवेसाठी लोक येतात तीच उरणार नाही.

पण बंदीचा भार वाहिला कोणी? 94 परवानाधारक हातरिक्षा ओढणाऱ्यांनी, घोडेवाल्यांनी, डोक्यावर सामान नेणाऱ्या हमालांनी. माणसाने माणसाला ओढत नेण्याची ही प्रथा सहा महिन्यांत थांबवा, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलं आणि ई-रिक्षांमधून त्यांच्या पुनर्वसनाची वाट दाखवली. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. रान राखायचं म्हणून कोणाच्या छातीचा भाता होऊ नये, आणि श्रम हलके करायचे म्हणून रानात मोटारी सोडू नयेत. दोन्ही एकत्र साधता येतं.

आपण पाहुण्यांनी करायचं ते अवघड नाही. एक रात्र तरी राहा, गावातल्याच खानावळीत जेवा, प्लास्टिकच्या बाटल्या परत खाली न्या. आणि घोडेवाल्याशी दर ठरवताना त्याच्या घोड्याच्या चाऱ्याचा भाव लक्षात घ्या. तो चाराही खालूनच वर चढवावा लागतो.