टिक कुठे करायची?

आधीच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. 'पुनर्विकास' हा शब्द पहिल्यांदा लिहिला तेव्हा तो चुकलाच होता. पण टाउन प्लॅनिंगच्या मिनी प्रोजेक्टला आमच्या ग्रुपने धारावी घेतली आणि शब्दाबरोबर त्याचा अर्थही शिकावा लागला.

आधी थोडी थिअरी. (झोपू नका!) धारावी म्हणजे साधारण ६०० एकर, शेजारी बांद्रा-कुर्ला संकुल. राज्य सरकारने पुनर्विकासाला मंजुरी दिली २००४ मध्ये. नंतर टेंडरं निघाली, रद्द झाली. शेवटी नोव्हेंबर २०२२ मध्ये अदानी समूहाची ५,०६९ कोटींची बोली सर्वांत मोठी ठरली. प्रकल्पाच्या कंपनीत २० टक्के वाटा सरकारचा आहे.

गणित दिसायला सोपं आहे. प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा म्हणजे एफएसआय. १००० चौरस मीटरचा प्लॉट आणि एफएसआय ४, तर बांधकाम ४००० चौरस मीटर. त्यातून रहिवाशांना मोफत घरं द्यायची, उरलेलं बाजारभावाने विकायचं आणि त्यातून सगळा खर्च भागवायचा. म्हणजे 'पात्र' माणसं जितकी जास्त, तितकं विकायला कमी! तळमजल्यावर १ जानेवारी २००० च्या आधीपासून राहत असाल तर धारावीतच ३५० चौरस फुटांचं घर मोफत. त्याच घराच्या वरच्या माळ्यावर राहणाऱ्याला मात्र घर धारावीबाहेर, तेही भाडे-खरेदी पद्धतीने. जिना एकच, पण नियम दोन. म्हणून खरं भांडण इमारतीच्या डिझाईनवर नाही, मोजणीवर आहे.

हे सगळं वाचून आम्ही एकदम स्मार्ट सर्व्हे फॉर्म बनवला. प्रश्न चौथा: जागेचा वापर, निवासी की व्यावसायिक? एकावरच टिक करा.

पहिल्याच गल्लीत एक मावशी दारात बसून पापड लाटत होत्या. बाहेर उलट्या टोपल्यांवर पापड वाळत होते. मी प्रश्न वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "अगं पोरी, दिवसा हितं पापड लाटते, रात्री हितंच पाच माणसं झोपतात. टिक कुठं करू?"

मी गप्प. पुस्तकात 'मिक्स्ड यूज'चं चित्र म्हणजे खाली दुकानं आणि वर फ्लॅट. इथे एकाच खोलीत वेळेप्रमाणे वापर बदलतो, आणि वाळवण तर खोलीच्या बाहेर, गल्लीत. आमच्या फॉर्मवर कशावरही टिक केली असती तरी त्यांची अर्धी जागा कागदावरून गायब झाली असती.

दुसरी चूक त्याहून मोठी. आम्ही प्लॅनची ड्रॉइंग दाखवून "आवडलं का?" असं विचारत होतो. सगळे "हो, चांगलंय" म्हणत होते. (आपल्या मेसच्या फीडबॅक फॉर्मवर आपणही 'गुड' लिहितोच की!) सरांना रिझल्ट दाखवला तर ते म्हणाले, "तुम्हाला फर्स्ट इयरला प्लॅन वाचता येत होता का?"

मग त्यांनी महिला मिलनबद्दल सांगितलं. १९८० च्या दशकात भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी स्पार्क या संस्थेबरोबर आधी स्वतःची मोजणी स्वतःच केली. नंतर घराचं खऱ्या मापाचं मॉडेल उभं केलं, ज्यात आत शिरून बघता येत होतं. त्यातून त्यांनी मागितलं १४ फूट उंचीचं घर, आत पोटमाळा. क्षेत्रफळ वाढत नाही तर उंची वाढवा! हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं.

मॉडेल बांधायला आमच्याकडे पैसे नव्हते. आम्ही हॉस्टेलच्या बॅडमिंटन कोर्टवर खडूने ३५० चौरस फूट आखले. पूर्ण कोर्ट ८८० चौरस फुटांचं, त्यामुळे घर नेटच्या एका बाजूलाच मावलं, वर जागा उरली. त्यात ओटा आणि संडास-बाथरूम आखलं, पाच जणांना झोपवलं. मग मेसमधून सहा टोपल्या आणल्या. चार कशाबशा मावल्या, दोन लाईनबाहेर राहिल्या.

त्या दोन टोपल्यांसाठी सातव्या मजल्यावरचा कॉरिडॉर किती रुंद हवा, ते आता काढतोय. आठ फूट धरला की विकायची जागा कमी होते, पाच धरला तर पापड वाळत नाहीत. फॉर्ममधला चौथा प्रश्न मात्र बदललाय: "सकाळी, दुपारी, रात्री या जागेत काय काय चालतं?" उत्तरासाठी पूर्ण पान सोडलंय.

मावशींकडे येत्या रविवारी परत जायचंय, खडू घेऊन.