पायरीवरची बाई: पाहणे आणि समजणे



निरीक्षण हा आपल्या प्रशिक्षणाचा भाग आहे. डोळ्यांना दिसले म्हणजे समजले, असे मात्र नसते. एका जुन्या छायाचित्रावरून हे पाहू.

जॉन थॉमसन हा स्कॉटिश छायाचित्रकार. आशियात अनेक वर्षे काम करून तो लंडनला परतला. तेथे १८७७ ते १८७८ या काळात त्याने पत्रकार अडॉल्फ स्मिथ याच्यासह ‘स्ट्रीट लाइफ इन लंडन’ ही मालिका मासिक भागांत प्रसिद्ध केली. फुले विकणाऱ्या बाया, बूट पॉलिशवाले, पुराने घर भिजलेली कुटुंबे असे कष्टकरी लोक तिच्यात दिसतात. प्रत्येक चित्रासोबत लेख असे.

त्या काळी काचेवर रसायनाचा थर देऊन, ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि वाळण्याआधी ते उमटवावे लागे. माणसांना काही सेकंद स्तब्ध राहावे लागे; हललेला माणूस पुसट येई. म्हणून सहज टिपल्यासारखी वाटणारी ही चित्रे बहुधा माणसांना नीट उभे करून वा बसवून घेतलेली आहेत.

यांपैकी ‘द क्रॉलर्स’ हे चित्र प्रसिद्ध आहे. दगडी पायरीवर एक थकलेली बाई बसली आहे, कुशीत तान्हे मूल आहे. पाहणारा चटकन म्हणेल, ‘भिकारीण आहे, मूल तिचेच.’ स्मिथचा लेख वेगळेच सांगतो. ती एका शिंप्याची विधवा. मूल दुसऱ्या बाईचे; त्याची आई कॉफीच्या दुकानात कामाला जाई. मूल सांभाळण्याबद्दल हिला चहा आणि पाव मिळे. म्हणजे त्या क्षणीही ती काम करत होती! कॅमेऱ्याने चेहरा दाखवला. तिचे काम मात्र विचारपूस केल्यावरच कळले.

म्हणून अहवाल लिहिताना तीन रकाने करा: मी काय पाहिले, मला कोणी काय सांगितले, मला काय वाटते. तिसऱ्या रकान्यातली गोष्ट पहिल्यात गेली, की कष्ट करणारी बाई भिकारीण ठरते.

स्वाध्याय: सुट्टीत घरातला एखादा जुना फोटो घ्या. आधी हे तीन रकाने स्वतः भरा, मग आई-वडिलांना किंवा आजी-आजोबांना विचारा. तुमचे किती अंदाज चुकले, ते मोजा.